दगडांत ओतलेलं दूध

१५ एप्रिल, मंगळवार

फौजेच्या सिग्नलमध्ये अठ्ठावीस वर्षं लॉगबुक लिहिलं. कोण बोललं, किती वाजता, निरोप काय. स्वतःबद्दल एक ओळ कधी लिहिली नाही. आज सूनबाईची जुनी वही मागून घेतली आणि मागची कोरी पानं उघडून बसलोय. कारण आज जे काम अंगावर आलंय ते मला जमेल असं वाटत नाही, आणि ते घरात कुणाला सांगायची लाज वाटते.

आयर्लंडहून पाकीट आलं. पाठवणारी उना, कोलमची मुलगी. कोलम आणि मी ९९ साली लेबनॉनमध्ये शांतिसेनेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर एकाच शिफ्टला होतो. मी तेव्हा हवालदार, तो कॉर्पोरल. समोर समुद्र, मागं संत्र्यांच्या बागा. त्यांच्या देशात इंग्रजी चालते, पण कोलमच्या किनाऱ्यावरच्या गावात अजून त्यांची जुनी आयरिश भाषा बोलतात. मला त्यानं चार शब्द शिकवले होते. पाण्याला ‘इश्के’. आमची पंजाबी पोरं प्यायला पाणी मागताना ‘इश्क दे दे’ म्हणून ओरडायची आणि हा लाजायचा. त्या वर्षी ११ मेला, पोखरणच्या स्फोटाला वर्ष झालं म्हणून मी अख्ख्या एक्स्चेंजला कंदी पेढे वाटले. साताऱ्याचा एक जवान सुट्टीवरून घेऊन आला होता. फ्रेंच, फिजी, पोलिश, सगळ्यांनी खाल्ले. कोलमनंही खाल्ला, ‘गुड’ म्हणाला. नंतर आठवडाभर गप्प होता. घरची आठवण, दुसरं काय. मीही जास्त विचारलं नाही.

गेल्या वर्षी २० मेला तो वारला. तो कविता लिहायचा हे मला आज कळतंय. आयरिशमध्ये एकच मोठी कविता, नऊ भागांची. विषय अणुयुद्ध आणि त्याच्या नंतरचे दिवस. वर्षश्राद्धाला गावच्या किनाऱ्यावर ती वाचायची आहे, आणि त्यानं लिहून ठेवलंय की ज्यांच्याबरोबर नोकरी केली त्यांच्या भाषांतही वाचावी. मराठीपुढं माझं नाव. उनानं प्रत्येक ओळीखाली इंग्रजी अर्थ लिहिलाय आणि कोलमच्या आवाजातलं रेकॉर्डिंग फोनवर पाठवलंय.

शालूबाईंना, म्हणजे माझ्या मंडळींना सांगितलं. म्हणाल्या, “तुमास्नी कविता? लग्नाच्या पंगतीत मला उखाणा घ्यायला लावून सोता पळून गेलता की.”

१९ एप्रिल, शनिवार

पहिला भाग झाला. पाच वेळा खोडला. कोलमचा आवाज ऐकत बसलो की वाटतं, घशात खडे घोळवत कुणी शांतपणे हिशेब देतंय.

बॉम्ब आमच्यावर पडला नाही.
आमच्यावर कोण टाकणार?
आमच्याकडं दगड, मेंढरं आणि जुनी भाषा.
आमच्याकडं फक्त वारा आला.

संध्याकाळी शेजारच्या गल्लीतल्या शांतिनाथ सरांना दाखवलं. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. चष्मा पुसून त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “सुभेदार, हे फार साधं झालं. विषय केवढा! इथं ‘संहार’ पाहिजे, ‘प्रलय’ पाहिजे.”

म्हटलं, “सर, मुळात तसं न्हाय. मुळात माणूस बांधावर बसून बोलल्यागत बोलतोय.”

“आयरिश तुम्हाला किती येतं?”

“चार शब्द.”

ते हसले. पण मग परत वाचलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, “राहू दे असंच.”

वर्षाराणी, माझी सून, एम.कॉम. झालीय, मराठी टायपिंग सफाईनं करते. तिला टाईप करायला दिलं. सातवा महिना लागेल आता तिला. ४ मेला डोहाळजेवण धरलंय, माझा मुलगा राजवीर फौजेत आहे, तो त्याला पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतोय. त्याच्या आत हे काम हातावेगळं करायचं.

२४ एप्रिल, गुरुवार

पहलगामला माणसं मारली. परवापासून टीव्ही बंद केलेला नाही.

राजवीरचा फोन आला. सुट्टी रद्द. एवढंच बोलला, “आबा, तुमास्नी सांगायला नको.” नको खरंच. मी त्याच्या आईला समजावलं, ती रडली आणि मोकळी झाली. वर्षाराणी उठून स्वयंपाकाला लागली. शहाणी आहे.

संध्याकाळी तालमीसमोर श्रद्धांजलीची सभा होती. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव घरी बोलवायला आले, माजी सैनिक म्हणून मी बोलावं. बोललो. रक्त तापलेलंच होतं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावा, आपल्याकडचा अणुबॉम्ब काय अंडी उबवायला ठेवलाय का! टाळ्या अशा पडल्या की माईक शिट्टी मारायला लागला. समोर आमच्या गॅलरीत वर्षाराणी उभी होती. मी हात केला, पण ती आत गेली. पाय सुजतात तिचे, फार वेळ उभं राहवत नसेल.

३० एप्रिल, बुधवार

आठ दिवस कवितेला हात लावला नव्हता. आज तिसरा भाग घेतला. इथं एक बाई येते, नोरा.

नोरा रोज धार काढते.
रेडिओनं सांगितलंय, दूध पिऊ नका.
पण गाईला रेडिओ कळत नाही.
कास भरते, गाय हंबरते,
नोरा धार काढते
आणि बादली दगडांत ओतते.
दूध पांढरंच असतं.

आमच्याकडं तीन म्हशी आहेत. गल्लीतल्या आता एवढ्याच राहिल्या. सकाळी धार काढून गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेतो, लोक उभ्या उभ्या ताजं दूध पितात. तेव्हा हा भाग मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळी गोठ्यात शालूबाई चंद्रीची धार काढत होत्या, तिथंच वाचून दाखवला. हात न थांबवता ऐकलं.

“दूध इखारी झालंय व्हय?”

“व्हय. वाऱ्यातनं आलंय, गवतावर बसलंय. दिसत न्हाय.”

“मग काढंल न्हाय तर काय करंल ती बाय? दोन दिस ऱ्हायलं तर कास दगड हुती. जनावर ताप येऊन मरतंय.” मग म्हणाल्या, “पर दगडांत कशाला वततीया? खड्ड्यात वतायचं. दगडावरचं कुत्री चाटत्यात.”

मी म्हटलं, कवितेत कुत्री नाहीत. म्हणाल्या, “नसतील. आधीच चाटून मेली असतील.”

हे मी सरांना सांगितलं नाही. वहीत मात्र लिहून ठेवतोय.

३ मे, शनिवार

सातवा भाग अवघड आहे. इंग्रजी अर्थ सोपा, पण धागा लागत नाही. बाकी सगळ्या भागांत युद्धानंतरचं गाव आहे, हा मात्र मध्येच मागं जातो.

ज्या दिवशी त्यांनी आगीचं कौतुक केलं
एका भल्या माणसानं माझ्या हातावर गोड ठेवलं.
मी खाल्लं.
चांगलं होतं.
हे मला कुणी विचारलेलं नाही,
मी आपणहून सांगतो.

चर्चमध्ये पाद्री हातावर काहीतरी ठेवतो ना, तसलं असावं. मी ‘गोड’ काढून ‘प्रसाद’ केलं. सर म्हणाले, “प्रसाद खाल्ल्याचं कुणी असं कबूल केल्यागत सांगेल का?” म्हटलं, कॅथलिक लोकांत कबुलीची पद्धत असते. त्यांना पटलं नाही. उनाला विचारायला ईमेल टाकलाय.

उद्याचं डोहाळजेवण पुढं ढकललं. वर्षाराणीच म्हणाली, “ते आल्याबिगर नको, मामा.”

७ मे, बुधवार

पहाटेपासून बातम्या. आपण हल्ला केला. गल्लीत फटाके लागले. म्हशी बिथरल्या, चंद्रीनं पान्हा चोरला, निम्मंच दूध निघालं.

राजवीरचा फोन बंद. हे होणारच. नोकरीत असताना मी स्वतः असे फोन बंद करायचे हुकूम पुढं दिलेत. तेव्हा पलीकडं घरात काय होतं ते दिसत नव्हतं.

टीव्हीवर सायरन वाजला की काय करायचं ते शिकवतायत. दिवे घालवा, खिडक्या झाका, जमिनीवर पालथे पडा. शालूबाईंनी विचारलं, “हिनं पालथं कसं पडायचं?”

८ मे, गुरुवार

फोन नाही.

९ मे, शुक्रवार

फोन नाही. टीव्हीवर एक जण ओरडून सांगत होता की त्यांच्याकडं इतके बॉम्ब आणि आपल्याकडं इतके, म्हणून आपणच जिंकू. मी टीव्ही बंद केला. लगेच परत लावला.

काहीतरी करत राहावं म्हणून टाईप केलेले कागद तपासायला घेतले. पाचवा भाग गायब. चौथ्यानंतर थेट सहावा. हाक मारली.

“वर्षा, पाचवं ऱ्हायलंय की गं.”

“चुकून ऱ्हायलं, मामा. करते.”

दुपारी कागद परत आणून दिले. पुन्हा पाचवा नाही. आता मात्र मी चिडलो. “लक्ष कुठं हाय? वीस तारखेला द्यायचंय!” ती उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आतून शालूबाई बाहेर आल्या. माझ्या हातातली मूळ वही ओढून घेतली आणि पाचवा भाग वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचतात.

पोटातलं मूल विचारत नाही
बाहेर काय झालंय.
ते आईचं पितं,
आई विहिरीचं पिते,
विहीर पावसाचं पिते,
पाऊस

इथं कोलमनं ओळ अर्धीच सोडलीय.

वाचून त्यांनी वही माझ्या मांडीवर टाकली. “डोळं हाईत का खोबणी?” म्हणाल्या, आणि तिला आत घेऊन गेल्या.

मी बसून राहिलो. वीस दिवस मी हे तिच्या हाती देतोय. एकेक भाग. वर विचारतोय, किती झालं, किती झालं. त्या दिवशी सभेत मी जे ओरडलो तेही तिनं गॅलरीतून ऐकलं. पाय सुजले म्हणून आत गेली असं मी इथंच लिहून ठेवलंय. मागं जाऊन ते पान वाचलं. खोडलं नाही. असू दे.

१० मे, शनिवार

संध्याकाळी युद्ध थांबल्याची बातमी आली. राजवीरचा फोन अजून नाही.

उनाचं उत्तर मात्र आलं. मराठीत उतरवून ठेवतो:

“ते चर्चमधलं नाही. बाबा सांगायचे, लेबनॉनमध्ये त्यांच्या भारतीय मित्रानं बॉम्बच्या वाढदिवसाला मिठाई वाटली होती. ते म्हणायचे, तो माझ्या ओळखीतला सगळ्यांत भला माणूस होता, म्हणून तर मला भीती वाटली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मिठाई चांगली होती. कविता तिथंच सुरू झाली. नंतर पंचवीस वर्षं लिहीत राहिले. मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत आहे. माहीत नव्हतं हे वाचून मला वाईट वाटतंय. पण बाबांचा तुमच्यावर राग कधीच नव्हता. भाग नीट वाचा. त्यात दोष कुणाला दिलाय ते बघा.”

नीट वाचला. दोष स्वतःला दिलाय. त्यानं मला वगळलंय. लष्करात असं करतात, जवानाची चूक वरचा आपल्या नावावर घेतो. पण मी त्याच्या हाताखाली नव्हतो.

‘प्रसाद’ खोडून ‘पेढा’ लिहिलं.

११ मे, रविवार

सकाळी हंबीरराव आले. दारातूनच ओरडले, “सुभेदार! जिंकलो! आन आज पोखरणचा बी दिस हाय. सांच्याला तालमीम्होरं पेढं वाटायचं, तुमच्या हस्ते. फेटा बांधतो, दोन शब्द बोला.”

नाही म्हणणार होतो. पण माणूस वाईट नाही. २०१९ च्या पुरात यानं गळ्याएवढ्या पाण्यातून आमची रेडकं बाहेर काढली होती. हो म्हटलं.

संध्याकाळी फेटा बांधला. चारशे-पाचशे माणूस होतं. हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स दिला, समोर माईक धरला. पाठ केलेलं सगळं गेलं. जे बोललो ते आठवतंय तसं लिहितो:

“मंडळी, माझा पोरगा तिकडं हाय. पाच दिस झालं, फोन न्हाय. तो हाय का न्हाय मला ठावं न्हाय. अशी लई घरं असतील. इकडं बी, तिकडं बी. बॉम्बाचं पेढं मी एकदा वाटल्यात. तवा मला कळत न्हवतं. पोरं घरला आली की या, म्या माझ्या पैशानं वाटतो. आज न्हाय वाटणार.”

बॉक्स टेबलावर ठेवला. मग मागून कुणीतरी घोषणा दिली आणि सगळ्यांनी ती उचलली. हंबीररावांनी माईक घेतला. “सुभेदारांची तब्येत बरी न्हाय. बापाचं काळीज हाय.” आणि पेढे वाटायला सुरुवात झाली.

घरी आलो तरी डोक्यावर फेटा तसाच होता.

बरोबर केलं का? माहीत नाही. बॉम्ब आपल्याकडं असावा लागतो असंच मी अजूनही म्हणतो. शेजाऱ्याकडं आहे, तर आपल्याकडं नको कसा? कोलम समोर असता तर त्याच्याशी भांडलो असतो. पण पेढा वेगळा. पेढा बारशाला वाटतात.

वर्षाराणीनं दार उघडलं. माझ्या डोक्यावरून फेटा उतरवला आणि पाणी आणून दिलं. लाऊडस्पीकरवरनं सगळं ऐकू आलं असणार.

१२ मे, सोमवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी राजवीरचा फोन. बोलला एक मिनिट चाळीस सेकंद. ठीक आहे. एका कानाला कमी ऐकू येतंय म्हणाला, बाकी ठीक. त्याच्या तुकडीतली दोन पोरं आमच्या घरी येऊन गेलीत, त्यांच्याबद्दल मी विचारलं, तेव्हा “आबा, मग बोलू” म्हणाला.

वर्षाराणी फोन ठेवल्यावर जमिनीवरच बसली आणि हुंदके देऊन रडली. शालूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी गोठ्यात जाऊन वैरण टाकली. दोन वेळा टाकली बहुतेक.

१५ मे, गुरुवार

पाचवा भाग टाईप होऊन आला. मी मागितला नव्हता. तिला म्हटलं, नको असला तर आपण गाळू, कोलम रागावणार नाही.

“नको, मामा. आता असू दे.” मग म्हणाली, “त्यांनी पाऊस म्हणून सोडलंय ना, तिथं टिंबं देऊ नका. मोकळंच ठेवा.”

सरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं.

१८ मे, रविवार

आज रेकॉर्डिंग. घरात पंख्याचा आवाज, माडीवर रस्त्याच्या गाड्या, तालमीत जायची सोय राहिली नाही. शेवटी दुपार कलल्यावर गोठ्यात गेलो, तिथं भिंती जाड आहेत. वर्षाराणी फोन धरून पाटावर बसली. सर खुर्चीवर. शालूबाई दारात.

पहिल्या दोन वेळी माझा आवाज कवायतीला हुकूम दिल्यासारखा लागला. सर म्हणाले, “सुभेदार, समोर पलटण नाही.” तिसऱ्या वेळी कोलम समोर बसलाय आणि एक्स्चेंजची लाईन शांत आहे असं धरून वाचलं. सातव्या भागात ‘पेढा’ आला तेव्हा अडखळलो, पण थांबलो नाही. पाचवा भाग वर्षाराणीनं वाचला. तसं ठरलं नव्हतं. माझ्या हातातला कागद तिनं घेतला, वाचला आणि परत दिला.

नववा भाग हा आहे:

ही भाषा बॉम्बच्या आधीच निम्मी मेली होती.
म्हणून तिला येतं
नंतर कसं बोलायचं ते.
हळू बोला. शेजारी कोण उरलंय ते विचारा.

वाचून होतोय तोच चंद्री मोठ्यानं ओरडली. तिची वेळ झाली होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वर्षाराणीनं रेकॉर्डिंग बंद केलं. मी म्हटलं, परत करू. सर म्हणाले, “इतकं नीट परत जमणार नाही.” शालूबाई म्हणाल्या, “मी आता धार काढणार हाय, तुमचं तुमी बगा.”

आहे तसं पाठवलं. उनाला माफी मागून लिहिलं, शेवटी म्हशीचा आवाज आहे.

२४ मे, शनिवार

ईमेलवर उनाचं पत्र आलं. किनाऱ्यावर एकोणीस माणसं होती. भुरभुर पाऊस. आयरिशमध्ये तिनं स्वतः वाचली, मग फ्रेंच, पोलिश, आणि शेवटी फोन स्पीकरला लावून आमचं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण हललं कुणी नाही. वर्षाराणीचा आवाज आला तेव्हा एका बाईनं उनाला विचारलं, ही पोटुशी आहे का. कशावरून ओळखलं ते उनाला माहीत नाही.

शेवटी चंद्री ओरडली, आणि सगळे थांबले. कोलमच्या शेजारी राहणारा एक म्हातारा आहे, पीटर, नव्वदीचा, जन्मभर गाई राखलेला. त्यानं टोपी काढली आणि आयरिशमध्ये काहीतरी म्हणाला. त्यावर दोघं-तिघं हसले आणि मग हसायचे थांबले. उना लिहिते, पीटरला तुमच्याकडून उत्तर पाहिजे. रोज माझ्या दारात येऊन विचारतो, आलं का. त्याचा प्रश्न असा: त्या जनावराची धार काढली का?

पत्र वर्षाराणीला वाचून दाखवलं, शालूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हाताऱ्याला लगीच कळवा. जिवाला घोर लावून घेतला असंल.”

इंग्रजीत लिहिणार होतो. मग मराठीतच लिहिलं, खाली इंग्रजी अर्थ दिला, उनानं मला दिला होता तसा.

काढली. त्याच वेळी काढली. आठ लिटर निघालं, आणि सगळं माणसांनी प्यायलं.